एचआयव्हीचे औषध मध्येच का सुटते? ते सुटू नये म्हणून काय करावे?

गुलमंडीतल्या एखाद्या कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाची कल्पना करा. त्याच्या गोळ्यांची बाटली संपत आली आहे. घाटी रुग्णालयातले एआरटी केंद्र रिक्षाने थोड्याच अंतरावर आहे आणि औषध मोफत मिळते. तरीही तो जात नाही. रजा कशासाठी हवी, हे मालकाला काय सांगायचे? रांगेत ओळखीचे कोणी भेटले तर? जुन्या बाजारपेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात. ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणता म्हणता बाटली रिकामी होते.

औषध सुटण्यामागे बहुतेक वेळा आळस नसतो, एखादी अडचण असते. ती नेमकी कोणती, हे कळले की मार्गही सापडतो.

रोज गोळी घेणे इतके महत्त्वाचे का?

एआरटीची औषधे विषाणू शरीरातून पूर्ण काढून टाकत नाहीत, त्याची वाढ रोखून धरतात. औषध थांबले की काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढू लागतो. अधूनमधून गोळ्या चुकवल्यास विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून किमान ९५ टक्के गोळ्या वेळेवर घ्याव्यात असे सांगितले जाते. म्हणजे ३० दिवसांत एकापेक्षा जास्त गोळी चुकू नये.

याचा फायदाही मोठा आहे. नियमित औषधाने व्हायरल लोड तपासणीत न दिसण्याइतका खाली आला आणि तसाच टिकला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला एचआयव्हीची लागण होत नाही.

औषध सुटण्याची नेहमीची कारणे

लोकांना कळेल ही भीती. बाटली लपवावी लागते, पाहुणे आले की गोळी राहते. गोळ्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. घरातल्या किमान एका विश्वासू व्यक्तीला सांगता आले तर मोठा आधार होतो. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती उघड करण्यास आणि एचआयव्हीमुळे नोकरीत भेदभाव करण्यास हा कायदा मनाई करतो.

कामाची वेळ आणि स्थलांतर. तब्येत स्थिर असेल तर एकाच वेळी अधिक महिन्यांची औषधे मिळू शकतात. समुपदेशकांना तसे विचारा. ऊसतोडीला, बांधकामावर किंवा पुण्या-मुंबईकडे जाणार असाल तर निघण्यापूर्वी केंद्रात कळवा. सोबत जास्त औषध देता येते किंवा तिकडच्या केंद्रात तुमची नोंद वर्ग करता येते. उपचाराचे पुस्तक जवळ ठेवा.

‘आता बरे वाटते.’ वजन वाढले, ताप थांबला की औषधाची गरज संपली असे वाटते. पण बरे वाटते ते औषधामुळेच. ‘मुळापासून बरे करतो’ म्हणणाऱ्या जडीबुटीच्या नादाने गोळी बंद करू नका.

दुष्परिणाम. पूर्वीच्या काही गोळ्यांनी चक्कर येई, विचित्र स्वप्ने पडत. आज बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते. तिने झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून ती सकाळी घेता येते. त्रास सहन करत बसू नका आणि गोळी स्वतःहून बंदही करू नका.

इतर औषधे. पित्ताची काही औषधे, लोह आणि कॅल्शियम यांमुळे डोल्युटेग्राविर शरीरात नीट शोषले जात नाही. पित्ताचे औषध घ्यायचे असेल तर एआरटीची गोळी त्याआधी २ तास किंवा त्यानंतर ६ तासांनी घ्यावी. टीबी किंवा मधुमेहाचे औषध सुरू झाले तर केंद्रात आवर्जून सांगा, कारण डोस बदलावा लागू शकतो.

उपवास आणि रोजे. ही गोळी जेवणासोबत किंवा रिकाम्या पोटीही घेता येते. पाण्यासोबत गोळी घेऊन एकादशी करता येते. रमजानमध्ये सहरी किंवा इफ्तारची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवता येते.

दारू आणि उदासी. दारूमुळे गोळीचा विसर पडतो. दारू घेतली म्हणून त्या दिवशीची गोळी मात्र टाळू नका. जगण्यात रस वाटत नसेल तर तेही सांगा, त्यावर उपचार आहेत.

गोळी चुकली तर?

आठवण होताच घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. एकदम दोन गोळ्या घेऊ नका. रोज ठरलेल्या कामाला गोळी जोडा, जसे सकाळचा चहा किंवा दुकानातून घरी परतणे. मोबाइलवर गजर लावा.

काही आठवडे किंवा महिने खंड पडला असेल तरी केंद्रात परत जा. ‘आता डॉक्टर रागावतील’ या धास्तीने पुढचे कित्येक महिने वाया जातात. किती गोळ्या चुकल्या ते खरे सांगा. तुम्ही सगळ्या घेतल्या असे डॉक्टरांना वाटले, तर व्हायरल लोड वाढण्याचे कारण ते भलतीकडेच शोधतील.

घरच्यांसाठी

‘गोळी घेतली का?’ हा प्रश्न पोलिसासारखा विचारू नका. ‘यंदा औषध आणायला मी येऊ का?’ असे विचारा. सोबत जेवल्याने, एकच भांडी वापरल्याने किंवा मिठी मारल्याने एचआयव्ही पसरत नाही. घरात वेगळे ताट वाढले गेले, तर माणूस गोळ्याही लपवू लागतो.

खोकला, ताप, वजन घटणे, डोळे पिवळे होणे किंवा अंगावर पुरळ दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्रात जा. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

पुढच्या भेटीला जाण्याआधी आज डबीत किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजा. उरायला हव्या होत्या त्यापेक्षा जास्त असतील, तर त्या का राहिल्या हेच समुपदेशकांना आधी सांगा.