साडेअकराचा चिवडा

आमचे आजोबा ८१ वर्षांचे आहेत आणि रोज रात्री साडेअकराला चिवडा खातात. सव्वाअकराला नाही, बाराला नाही. साडेअकरालाच. वर बारीक चिरलेला कांदा आणि अर्धं लिंबू. या एका विषयावरून आमच्या नाशिकच्या घरात सध्या शीतयुद्ध चालू आहे. आई डबा लपवते, आजोबा तो शोधून काढतात आणि सकाळी ग्लुकोमीटर चुगली करतो. मी शनिवारी पुण्याहून घरी पोचलो की बॅग ठेवायच्या आत दोन्ही पक्ष आपापली कैफियत मांडून मोकळे!

इतके दिवस हा विनोदच होता. पण गेल्या महिन्यात आजोबा पहाटे तीनच्या सुमारास बाथरूमला जाताना घसरले. मोडलं काही नाही, नशीब. पण आईनं डबा थेट शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवला आणि आजोबांनी दोन दिवस बोलणं टाकलं. मग एका रविवारी मी त्यांना सरळ विचारलं, "आजोबा, पण साडेअकराच का?"

"अरे, सेकंड शिफ्ट अकराला सुटायची ना," ते म्हणाले. "सायकलवर सातपूरहून सिडकोला यायला अर्धा तास."

एवढंच. रिटायर होऊन वीसेक वर्षं झाली, आजी जाऊन सात. पण ती जागी राहून जी ताटली समोर ठेवायची, तिची वेळ मात्र अजून चालू आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कधीच बंद झाला, पण क्रॉन जॉब कोणी काढलाच नाही.

त्यानंतरचे दोन-तीन वीकेंड मी एकाच प्रश्नाच्या मागे होतो: आपल्याकडे माणसं रात्री उशिरा खायला लागली कधी?

जुन्या घरांत रात्रीचं जेवण दिवेलागणीनंतर लगेच उरकायचं. आयुर्वेदाचे ग्रंथही तेच सांगतात. १६व्या शतकातल्या भावप्रकाशात रात्रीचं जेवण पहिल्या प्रहरात, म्हणजे साधारण नऊच्या आत घ्यावं, पोटाला थोडं कमीच खावं आणि पचायला जड पदार्थ टाळावेत असं सांगितलंय. चरकसंहितेत रात्री दही खायला मनाई आहे, ती आजही निम्म्या मराठी घरांत पाळली जाते (कारण विचारलं तर "सर्दी होते"). जैन घरांत चौविहार पाळणारे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत.

इथे "आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" असं म्हणायचा मोह होतो. मला नाही वाटत. श्रीमंतांच्या वाड्यात लोक तेव्हाही जागत असणार आणि खातही असणार. सामान्य घरात मात्र दिव्याला तेल लागायचं, तेलाला पैसे लागायचे, आणि पहाटे उठून कामाला जुंपायचं असायचं. नियम आधी की गरिबी आधी, हे सांगणं कठीण आहे.

गंमत म्हणजे जागायच्या रात्रीही ठरलेल्या असत. महाशिवरात्रीचं जागरण, पण ते उपाशीपोटी किंवा उपासाच्या पदार्थांवर. मध्यरात्री मुद्दाम काही घ्यायची रात्र म्हणजे कोजागिरी, वर्षातून एकदा आणि तेही पेलाभर मसाला दूध. म्हणजे आजोबांचा कार्यक्रम ही रोजची कोजागिरीच झाली :)

हे चक्र बदललं ते गिरणीत. १९०५ च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, अंधार पडला की काम थांबायची सक्ती संपली आणि कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत ताणले गेले. शेवटी १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांना दिवसाला १२ तासांची मर्यादा घालावी लागली. बारा तास ही सवलत होती, यावरून काय ते समजा. पुढे पाळ्या आल्या. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका पाळ्यांच्या वेळा सांभाळून डबे आणि ताटं देऊ लागल्या. कधी खायचं हे आता पोट किंवा सूर्य नव्हे, भोंगा ठरवायला लागला.

नाशिकमध्ये हे उशिरा आणि वेगळ्या वाटेनं आलं. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून देशाची टपाल तिकिटं छापली जाऊ लागली, १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाला. पण गावाचं घड्याळ खऱ्या अर्थानं हललं ते १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर. आधी सातपूर, मग अंबड. द्राक्षांच्या आणि देवळांच्या गावात तीन पाळ्या सुरू झाल्या. १९४८ च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कॅन्टीनची तरतूद होती, त्यामुळे आजोबांचं जेवण संध्याकाळी सातला कारखान्यातच व्हायचं. घरी येईपर्यंत पुन्हा भूक लागलेली असायची, पण त्या वेळी चूल पेटवायची नाही हा आजीचा दंडक. मग डब्यातलं काहीतरी. आणि नाशिकमध्ये डब्यातलं काहीतरी म्हणजे चिवडाच असणार! कोंडाजीचं नाव तर गावाच्या नावासारखं त्याला चिकटलंय.

ज्यांच्या घरात शिफ्ट नव्हती तिथे टीव्हीनं ते काम केलं. १९८४ मध्ये देशभर छोटे ट्रान्समीटर बसले, १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं आणि घराघरांतली रात्र दोन-तीन तासांनी लांबली. आणि आमची पिढी? मी स्वतः अमेरिकेच्या वेळेवर रात्री कॉल घेतो आणि घरून काम असलं की अकराला आजोबांच्याच डब्यात हात घालतो. आईच्या शीतयुद्धात माझं नाव कुठेच नाही, हे इथे कबूल केलेलं बरं.

पण मी एकोणतीसचा आणि ते एक्याऐंशीचे. फरक दुसऱ्या दिवशी कळतो.

शरीरातल्या घड्याळाच्या जनुकांवर काम करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. यकृत, स्वादुपिंड अशा अवयवांनाही आपापली लय असते. रात्री अंधारात मेलाटोनिन वाढतं आणि ते इन्सुलिनचा स्राव कमी करतं, त्यामुळे तेच पोहे सकाळी जेवढी साखर वाढवतात त्यापेक्षा रात्री जास्त वाढवतात. तरुण शरीर हे निभावून नेतं, म्हाताऱ्या शरीरात इन्सुलिनचा पुरवठा आधीच तोकडा. त्यात आपण भारतीय. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचा डॉ. युडकिन यांच्याबरोबरचा २००४ मधला लॅन्सेटमधला लेख प्रसिद्ध आहे: दोघांचा बीएमआय सारखाच, पण शरीरातली चरबी भारतीय डॉक्टरांची दुपटीहून जास्त. आजोबा काटकुळे आहेत म्हणून त्यांना काही होणार नाही, हा आमच्या घरचा जुना गैरसमज होता.

दुसरी गोष्ट मिठाची, आणि हिच्याकडे आमचं कोणाचंच लक्ष नव्हतं. खारट खाल्लं की तहान, पाणी प्यायलं की लघवी. वयाबरोबर मूत्रपिंडांची रात्री लघवी कमी करण्याची क्षमताही घटते. जपानमधल्या नागासाकीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलं की मीठ दिवसाला १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलेल्या लोकांचं रात्री उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. हे वाचताना मला पहाटेचे तीन आठवले. आम्ही सगळे साखरेवरून भांडत होतो, आणि आजोबा कदाचित मिठामुळे पडले होते. खाऊन लगेच आडवं झाल्यानं होणारी जळजळ वेगळीच. सकाळी दहापर्यंतच्या त्यांच्या वैतागाचं श्रेय मी तिला आणि अर्धवट झोपेला देतो.

मग डबा कायमचा बंद? इतकं सोपं नाही. १९५० च्या सुमारास एनपीएच इन्सुलिन वापरात आलं, त्याचा जोर मध्यरात्रीनंतर चढायचा, म्हणून झोपताना थोडं खा असं डॉक्टरच सांगत. आजही इन्सुलिन किंवा काही जुन्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांचं रात्रीचं खाणं परस्पर बंद केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. शिवाय सकाळची वाढलेली साखर दर वेळी रात्रीच्या खाण्याचीच असते असंही नाही. पहाटे शरीर स्वतःच काही संप्रेरकं सोडतं आणि साखर वर ढकलतं.

म्हणून आधी डॉक्टरांना गोळ्या दाखवल्या, त्यांनी वेळ बदलायला हरकत नाही म्हटलं. मग तीन आठवडे वहीत लॉग ठेवला: काय खाल्लं, किती वाजता, रात्री किती वेळा उठले, सकाळची साखर. साखरेचं चित्र गढूळच निघालं, चिवडा न खाताही काही सकाळी ती जास्त होती. पण उठण्याचा रकाना अगदी स्वच्छ होता. चिवड्याच्या रात्री तीनदा, नाहीतर एकदा, फार तर दोनदा. आजोबांनी चष्मा लावून तो रकाना दोनदा वाचला. आईला काही बोलले नाहीत.

आता चिवडा संध्याकाळी सहाला, चहाबरोबर असतो. कमी मिठाचा, आई घरीच करते. "बेचव" असं म्हणत संपवतात. साडेअकराला मात्र ते अजूनही उठून स्वयंपाकघरात जातात, दिवा लावतात, अर्धा पेला कोमट पाणी पितात आणि पाचेक मिनिटं टेबलापाशी बसतात. गेल्या शनिवारी माझा कॉल लवकर संपला, म्हणून मीही जाऊन बसलो. ते म्हणाले, "थर्ड शिफ्टवाले आत गेले असतील आता."