वऱ्हाडच्या महसुलावरची फौज

परमुलखातील मोहिमेसाठी जादा पलटणी पाठवल्या की चर्चा रणांगणाची होते. त्या पलटणी कोणाच्या साऱ्यावर उभ्या राहिल्या, हे फारसे विचारले जात नाही. बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास तपासताना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

'हैदराबाद कंटिंजंट' ही फौज नावाने निजामाची होती. अधिकारी इंग्रज आणि पगार निजामाच्या खजिन्यातून, अशी तिची रचना होती. पगार थकत गेले आणि कर्ज वाढले. २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवचा मुलूख या खर्चासाठी इंग्रज अमलाखाली आणला. फौज किमान ५,००० पायदळ व २,००० घोडदळ ठेवायची ठरली. १८६० मध्ये रायचूर व धाराशिव परत मिळाले, वऱ्हाड मिळाला नाही. शिल्लक उरल्यास ती निजामाला द्यायची होती, पण जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा त्याचा हक्क काढून घेतला गेला. सार्वभौमत्व निजामाचे, अंमल इंग्रजांचा आणि सारा भरणारा मेहकर, चिखली, मलकापूरचा कुणबी, अशी ही व्यवस्था होती.

अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडचे मोल आणखी वाढले. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने खामगावच्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले. सालारजंगाने वऱ्हाड परत मागून पाहिला, पण उपयोग झाला नाही.

५ नोव्हेंबर १९०२ च्या करारात कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. मोबदला वर्षाला २५ लाख रुपये ठरला. करारातील महत्त्वाचा भाग मात्र लष्करी होता. कंटिंजंटचे वेगळे अस्तित्व संपवून तिच्या पलटणी हिंदी सैन्यात मिसळण्यात आल्या. निजामाच्या राज्यातील बंदोबस्तासाठी उभी केलेली फौज आता साम्राज्याला हवी तेथे नेता येणार होती.

पहिल्या महायुद्धात तेच झाले. २० वी डेक्कन हॉर्स फ्रान्सला गेली आणि १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणधुमाळीत हाय वुडजवळ तिने घोड्यावरून चढाई केली. मेसोपोटेमियात कुत येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडलेल्या टाउनशेंडच्या सुटकेसाठी जी जादा कुमक धाडली, तिच्यात ९७ वी डेक्कन पलटण होती. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० सैनिक ठार वा जखमी झाले. तरीही २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण शत्रूच्या हाती पडले.

या पलटणींपैकी एकीचे नाव '९६ वी बेरार' होते. पण कंटिंजंटच्या पायदळात भरती मुख्यतः उत्तर हिंदुस्थानी आणि दख्खनी मुसलमान शिपायांची. वऱ्हाडी माणसाचा वाटा पैशाचा होता. १९०३ नंतर खर्च हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतून होऊ लागला. १९१७ मध्ये त्याच तिजोरीवर युद्धासाठी १० कोटी पौंडांचा भार पडला. त्या निर्णयात खामगावच्या बाजारात कापूस विकणाऱ्याला मत नव्हते.

१९२२ मध्ये हे पायदळ १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये एकवटले. १९४५ मध्ये ती कुमाऊँ रेजिमेंट झाली. हैदराबादचे नाव गेले, वऱ्हाडचा संबंधही विस्मरणात गेला. युद्धस्मारकावर पडलेल्यांची नावे कोरतात, आणि ते योग्यच आहे. पण पन्नास वर्षे ज्या काळ्या मातीने ही फौज पोसली, तिचा हिशेब कोणत्याही स्मारकावर नाही. तो वऱ्हाडच्या सारावसुलीतच शोधावा लागतो.