अंथरूण किती दिवसांनी धुवायचं? पुण्याच्या प्लेगाची एक आठवण

आजचा विषय वाचून काही जण हसले असतील. चादरी-अभ्र्यांवर कसलं आलंय इतिहासाचं व्याख्यान? पण याच पुण्यात एका वर्षी सरकार घराघरांत शिरलं, ते थेट अंथरुणापर्यंत. तेव्हा विषय दिसतो तितका साधा नाही.

आधी जुनी रीत बघू. आपल्याकडे सामान्य घरातलं पांघरूण म्हणजे गोधडी, कुठे तिला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून टाके घातलेले. ही भिजली की इतकी जड होते, की दोघांना मिळूनही धड पिळता येत नाही. आठवड्याला ती धुणं शक्यच नव्हतं. तिचं वेळापत्रक ऋतूंनी ठरवलं होतं. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर, ओढ्यावर नेऊन धुवायची. गावाकडे हे आजही दिसतं. कारण उघड आहे: पाऊस ओसरलेला, पात्रात भरपूर पाणी आणि वाळवायला ऊन. चार महिन्यांची ओल आणि कुबट वास त्या धुण्यात निघून जायचा. एरवी गाद्या-गोधड्या उन्हात टाकायच्या आणि झटकायच्या. म्हणजे धुणं वर्षाला, पण ऊन वारंवार.

आता १८९६ मध्ये येऊ. सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला आणि वर्षअखेरीस तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली. १३ मार्चपासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरं तपासू लागल्या. रोगी रुग्णालयात, घरचे लोक छावणीत, भिंतींना चुना. आणि संशयित घरातले कपडे, अंथरुणं? ती बाहेर काढून जाळायची.

जाळणाऱ्यांना वेडं म्हणून सोडून देता येणार नाही. रोगाचं विष घाणीत, कपड्यांत साठतं, असा तेव्हाचा समज होता. जंतू सापडला होता, १८९४ मध्ये हाँगकाँगला. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कळायचं होतं. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग नेते. वैद्यकीय जगाने ते मान्य करायला आणखी काही वर्षं घेतली. पिसू कपड्यांच्या, अंथरुणांच्या घडीत लपते. म्हणजे संशय अंथरुणावर गेला, तो अगदीच चुकीचा नव्हता.

मग बिघडलं कुठे? बघा, गरिबाची गोधडी म्हणजे घरातल्या बाईची कित्येक दुपारींची मेहनत. ती डोळ्यांदेखत जळणार म्हटल्यावर माणूस काय करणार? लपवणार. लोकांनी रोगी लपवले, वळकट्या लपवल्या, शहर सोडून निघून गेले. वळकटी बरोबर गेली, तर तिच्यातली पिसूही बरोबर गेली. जो उपाय रोग अडवायचा, त्याच्या भीतीनेच रोगाला वाट मिळाली. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण सगळे जाणतो. त्या रागाचं कारण फक्त गोधड्या नव्हेत. देवघर, स्वयंपाकघर, बायकांची तपासणी, सगळंच होतं. पण जळणारं अंथरूण त्या रागात होतं.

आणि यातली चुटपुट लावणारी गोष्ट ऐका. पिसवांना कडक ऊन सोसत नाही. तापलेल्या जमिनीवर पसरलेल्या कपड्यांतल्या पिसवा मरतात. ती झडती चालली मार्च ते मे, म्हणजे ऐन पुणेरी उन्हाळ्यात! चौकात जाळलेल्या कितीतरी गोधड्यांना अंगणातलं ऊन पुरलं असतं. आजी जे करत होती तेच, फक्त जास्त नेटाने. अर्थात हे आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा ते ना शिपायाला ठाऊक होतं, ना आजीला.

आता शीर्षकातला प्रश्न. चादर आणि उशीचे अभ्रे आठवड्याला बदलावेत. घाम जास्त येत असेल, घरात कुणी आजारी असेल, तर त्याआधी. दुलई-पांघरूण महिना-दोन महिन्यांनी. अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात, दम्याचा आणि शिंकांचा त्रास त्यांच्यामुळे वाढतो. ते ६० अंशांच्या गरम पाण्यात मरतात आणि कोरड्या हवेत टिकत नाहीत. म्हणून पावसाळा संपला की गादी उन्हात टाका. बाल्कनी असेल तर बाल्कनीत, नसेल तर गच्चीवर.

एक शेवटचं. हे सगळं ऐकून घरी जाल आणि सांगाल, ‘चादरी आठवड्याला धुवायच्या बरं का!’ कुणाला सांगाल? सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी हुकूम करणारा एक होता आणि गोधडी दुसऱ्याची होती. घरातही तसंच व्हायला नको. निदान ओल्या चादरीचं दुसरं टोक पिळायला तरी धरा.