जमावाचें मन आणि तासगांवचा मोर्चा

मानसशास्त्र हा विषय घेऊन महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढें निबंधासाठीं विषय कोणता घ्यावा हा प्रश्न दरवर्षीं उभा राहतो. पाठ्यपुस्तक उघडलें कीं 'जमाव', 'अफवा', 'स्मृति' असे मथळे समोर येतात. त्यांतील एक निवडावयाचा आणि त्याखालीं परदेशांतील उदाहरणें उतरून काढावयाचीं, हा बहुतेकांचा परिपाठ. ज्या गांवांत विद्यार्थी लहानाचा मोठा झाला त्या गांवाचें नांव सबंध निबंधांत एकदांही येत नाहीं. हें केवळ आळसामुळें घडतें असें नव्हे. शास्त्र दूर देशीं तयार होतें आणि आपण तें फक्त पाठ करावयाचें असतें, अशी एक समजूत मनांत खोल रुजलेली असते. ती किती पोकळ आहे हें पाहावयाचें असेल तर तासगांवच्या जुन्या मामलेदार कचेरीचें उदाहरण घ्यावें. तेथें ३ सप्टेंबर १९४२ रोजीं जें घडलें, त्यानें जमावाविषयींच्या एका गाजलेल्या सिद्धांताची परीक्षाच घेतली.

हा सिद्धांत गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाचा. वैद्यकाचें शिक्षण घेतलेल्या या गृहस्थानें १८९५ सालीं जमावाच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिलें आणि तें लवकरच अनेक भाषांत पोंचलें. १८७१ सालच्या पॅरिसमधील उठावाची धास्ती फ्रान्सच्या सुखवस्तु वर्गाच्या मनांतून तोंपर्यंत गेली नव्हती. ल बाँचें म्हणणें थोडक्यांत असें : मनुष्य एकटा असतो तेव्हां विचार करतो, जमावांत शिरला कीं त्याची विवेकबुद्धि मावळते, एकाचा विकार दुसऱ्यास सांथीसारखा जडतो, आणि पंडित व अडाणी दोघेही सारखेच भोळे व क्रूर बनतात. राज्यकर्त्यांना हें मत सोयीचें होतें. जमाव जर स्वभावतःच वेडा, तर त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेण्याचें कारण उरत नाहीं. त्याला पांगवावयाचें कसें, एवढाच प्रश्न राहतो.

विल्यम मॅक्डूगल या मानसशास्त्रज्ञानें १९२० सालीं या मताला मुरड घातली. असंघटित गर्दी निराळी आणि संघटित समूह निराळा, असा भेद त्यानें केला. ज्या समूहाला परंपरा, नियम आणि कामाची वांटणी असते, तो एकट्या मनुष्याहून वरच्या पातळीवरही वागूं शकतो, असें त्यानें दाखविलें. हा भेद मराठी माणसाला नवा वाटूं नये. झुंबड, घोळका, जमाव, मेळा, दिंडी, मोर्चा हे शब्द आपण एकमेकांच्या जागीं वापरीत नाहीं. झुंबडीला नायक नसतो. दिंडींत विणेकऱ्यानें कोठें चालावें आणि टाळकऱ्यांनीं कोठें, हें ठरलेलें असतें. 'मोर्चा' हा शब्द तर मूळचा लढाईंतला. तासगांवांत गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं पटवर्धनांच्या गणपतीचा रथ निघतो. असंख्य हात दोरखंडांना लागतात आणि तो अवजड रथ पुढें सरकतो. हजारों माणसें एकत्र आलीं म्हणजे त्यांची बुद्धि सुटते, हें अशा गांवाला कसें पटावें?

८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पुढारी पकडले गेले. तासगांव त्या काळीं सातारा जिल्ह्यांत होतें. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ सालीं झाला आणि त्याला सांगली हें नांव १९६० सालीं मिळालें. पुढारी तुरुंगांत असतां जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनीं तालुक्याच्या कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे नेण्याचें ठरविलें. २४ ऑगस्टला कऱ्हाडचा मोर्चा झाला, ३ सप्टेंबरला तासगांवचा. खेड्यापाड्यांतून शेतकरी आले, कचेरीवर तिरंगा चढला, गोळी सुटली नाहीं, आणि लोक शांतपणें आपापल्या गांवीं परतले. मामलेदारांच्या डोक्यावर गांधी टोपी चढविली गेली, अशीही आठवण त्या भागांत सांगितली जाते.

त्यानंतर सहाव्या दिवशीं, ९ सप्टेंबरला, खटाव तालुक्यांतील वडूज येथें मोर्चा गेला. तेथें पोलिसांनीं गोळीबार केला. हातांत झेंडा घेतलेले परशुराम घार्गे पडले. एकंदर नऊ माणसें प्राणांस मुकलीं. दुसऱ्या दिवशीं इस्लामपुरांतही गोळ्या सुटल्या आणि दोघे ठार झाले. त्यांतील उमाशंकर पंड्या हे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतील इंजिनियर होते.

येथें विद्यार्थ्यानें क्षणभर थांबावें. जिल्हा एक, मागणी एक, घोषणा त्याच, आणि मध्यें अंतर अवघ्या आठवड्याचें. ल बाँचें मत खरें असतें तर तासगांवची कचेरी जमावाच्या हातीं आल्यावर तेथें विध्वंस व्हावयास हवा होता. तसें झालें नाहीं. जें ठरवून लोक निघाले होते तेवढें त्यांनीं केलें आणि ते थांबले. उलट, एकाच निश्चयानें निघालेल्या मोर्चांचा शेवट एके ठिकाणीं झेंडावंदनानें होतो आणि दुसरीकडे प्रेतयात्रेनें, तेव्हां त्याचें कारण केवळ जमावाच्या मनांत शोधून भागत नाहीं. दाराबाहेर उभ्या असलेल्या हजारों लोकांच्या मनाइतकेंच, दाराच्या आंत बंदूक घेऊन उभ्या असलेल्या मूठभर माणसांचें मनही तपासावें लागतें. भीति त्यांनाही असते. अफवा त्यांच्याही कानीं पोंचलेली असते. समोरचे सर्व चेहरे त्यांना एकसारखे दिसूं लागले कीं हात चापाकडे लवकर जातो. सांथीच्या उपमेंत या दुसऱ्या मनाला जागाच नाहीं.

पुढील काळांतील संशोधन याच दिशेनें गेलें आहे. जॉर्ज रूडे या इतिहासकारानें १९५९ सालीं फ्रेंच राज्यक्रांतींतील जमावावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पोलिसांचीं जुनीं दप्तरें चाळून त्यानें दाखवून दिलें कीं ज्यांना गुंड व भटके म्हणून हिणविलें गेलें ते बहुतांशीं सुतार, चांभार, दुकानदार असे घरदार असलेले लोक होते. इंग्लंडांत ब्रिस्टल शहरीं १९८० सालच्या एप्रिल महिन्यांत दंगल झाली. तिचा अभ्यास स्टीफन रायकर या मानसशास्त्रज्ञानें केला. लोकांनीं पोलिसांवर हल्ले केले, पण आपल्या वस्तींतील घरें बहुतेक सोडून दिलीं. जमावांत शिरलेला मनुष्य स्वतःला हरवीत नाहीं, 'मी'च्या जागीं 'आम्ही' येतो आणि त्या 'आम्ही'च्या मर्यादा तो पाळतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. तासगांवच्या शेतकऱ्यांनीं अडतीस वर्षें आधीं जें आचरून दाखविलें, त्याचें हें शास्त्रीय निवेदन म्हणतां येईल.

गोळीबारांनंतर चळवळ भूमिगत झाली. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं 'प्रति सरकार' उभें राहिलें. गांवगुंडांना व खबऱ्यांना तळपायांवर काठीचा मार देण्याची शिक्षा दिली जाई. परंतु घोड्याप्रमाणें त्यांच्या पायांना पत्री ठोकतात, अशी वदंता पसरली आणि 'प्रति सरकार'चें 'पत्री सरकार' झालें. एका अफवेनें राज्याला नांव दिलें, असें हें उदाहरण अफवेच्या अभ्यासकानें वगळूं नये. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत मोठा भूकंप झाला, तेव्हां जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञानें तेथील अफवा गोळा केल्या. याहून भयंकर उत्पात येणार आहे, असें वाचलेले लोकच एकमेकांना सांगत होते. अमेरिकेंतील लिऑन फेस्टिंगर यानें १९५७ सालीं मांडलेल्या प्रसिद्ध विचाराला या सामग्रीनें चालना दिली : मनांत भीति आधीं असते, आणि तिला शोभेल असें कारण माणूस मागाहून शोधतो. सातारच्या अफवेंत हीच भीति कोणाच्या मनांत होती, शिक्षा भोगणाऱ्यांच्या, सरकारच्या, कीं दोहोंच्या, हा एका स्वतंत्र निबंधाचा विषय होईल.

तिसरा मथळा स्मृतीचा. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यानें १९३२ सालीं सिद्ध केलें कीं आठवण ही पेटींत जपून ठेवलेली वस्तु नव्हे. प्रत्येक वेळीं ती नव्यानें रचली जाते, आणि अपरिचित तपशील गळून ओळखीचे तपशील त्यांत येतात. गांधी टोपीची हकीकत या कसोटीवर घासून पाहण्यासारखी आहे. ती कोणी सांगितली, त्यानें स्वतः पाहिली होती कीं ऐकली होती, आणि दोन गांवांत सांगतांना तींत फरक काय पडतो, हें टिपून ठेवावें. सांगणाऱ्याच्या तोंडांत आपले शब्द घालूं नयेत. सरकारी कागदांशीं पडताळा घ्यावा. पण कागद लिहिणाराही भ्यालेला असूं शकतो हें विसरूं नये.

मात्र हें काम फार दिवस वाट पाहणारें नाहीं. १९४२ सालीं वीस वर्षांचा असलेला तरुण आज शंभरी ओलांडून गेला असता. आतां बहुधा मुलांनातवंडांच्या तोंडून ऐकावें लागणार. तीं घरेंही एकेक करून विसरत आहेत. कोल्हापुरास १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत येतात. तेथील विद्यार्थ्यानें एका सुट्टींत तासगांव, वडूज व इस्लामपूर हीं तीन गांवें पायांखालीं घातलीं तर त्याच्या निबंधाला परक्या उदाहरणांची उसनवारी करावी लागणार नाहीं.

वडूजला पडलेलीं नऊ माणसें झिंगलेल्या गर्दीचे अवयव होतीं, कीं विचार करून घराबाहेर पडलेले नऊ नागरिक, या प्रश्नाचें उत्तर ल बाँच्या पुस्तकांत मिळणार नाहीं. तें त्यांच्या गांवांतच शोधावें लागेल, आणि ज्यानें तें शोधलें त्याचा निबंध परीक्षकाप्रमाणेंच त्या गांवांनाही वाचावासा वाटेल.