शिव्यांची यादी

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात माझ्या वाट्याला एक विचित्र काम आलं. आमच्या चॅट ॲपसाठी मराठी आणि हिंदी शिव्यांची यादी करायची होती. यादीतला शब्द कुणी टाइप केला की त्याच्या जागी फुल्या पडणार. दार लावून आम्ही तिघे इंजिनिअर बसलो आणि शाळेत, एसटी स्टँडवर, क्रिकेटच्या मैदानात आजवर कानावर पडलेलं सगळं एक्सेल शीटमध्ये भरलं. एकेका शब्दाची पाच-पाच स्पेलिंगं. पहिला तास हसण्यात गेला. नंतर कंटाळा आला. दोनशे ओळी झाल्यावर त्या शिव्या वाटेनातच, नुसती अक्षरं वाटायला लागली.

त्याच रविवारी मी नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. आमचं घर ख्रिस्ती. उपासना संपल्यावर तरुण संघाची पोरं चर्चमागच्या पटांगणात क्रिकेट खेळत होती. एकाच्या हातून झेल सुटला आणि तो ‘च्यायला!’ म्हणाला. मंडळीतले एक ज्येष्ठ नेमके तिथून चालले होते. खेळ थांबला. पोराला सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावली. विश्वासणाऱ्याच्या तोंडी असले शब्द येता कामा नयेत, असं ते म्हणाले. संध्याकाळी तो पोरगा मला गाठून म्हणाला, “दादा, तू कंपनीत शिव्यांची यादी करतोस ना? मग सांग, बायबलमध्ये अशी यादी आहे का? आणि च्यायला त्यात आहे का?”

मी हसून वेळ मारून नेली, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. पुढे सवडीने वाचत गेलो, आणि हाती लागला तो दोन हजार वर्षांचा इतिहास.

सडका मासा

आधी सरळ उत्तर: यादी नाही. नव्या करारात वाईट बोलण्याविरुद्ध बरंच काही आहे, पण ‘हे शब्द उच्चारू नका’ अशी यादी कुठेही नाही.

इफिसकरांस पत्रात तोंडातून कसलं बोलणं निघू नये हे सांगताना ग्रीकमध्ये ‘साप्रोस’ हे विशेषण आलंय. अर्थ सडका, नासका. मत्तयाच्या शुभवर्तमानात जाळ्यातले टाकाऊ मासे फेकून देतात, तिथे हाच शब्द आहे. म्हणजे कसोटी शब्दाच्या जातीची नाही, त्याच्या परिणामाची आहे: ऐकणाऱ्याला या बोलण्याने पोषण मिळतं की विषबाधा होते? त्याच पत्रात पुढच्या अध्यायात अचकटविचकट बोलण्याबरोबर ‘युट्रापेलिया’ही नको म्हटलंय. गंमत म्हणजे ॲरिस्टॉटलने हाच शब्द सद्गुण म्हणून वापरलाय. त्याच्या लेखी तो म्हणजे चारचौघांत शोभणारी हजरजबाबी विनोदबुद्धी. चारशे वर्षांत तोच शब्द एका यादीतून उठून विरुद्ध यादीत जाऊन बसला.

आणि पौल स्वतः? फिलिप्पैकरांस पत्रात तो म्हणतो की ख्रिस्तापुढे आपल्याला आपली सगळी प्रतिष्ठा ‘स्कुबाला’ वाटते. या शब्दाचे अर्थ विष्ठा, शेण, उष्टंखरकटं, उकिरड्यावरची घाण. तो नेमका किती शिवराळ होता यावर अभ्यासकांत वाद आहे, पण सभ्य बैठकीतला तो नक्की नव्हता. लॅटिन बायबलने ‘स्टेर्कोरा’ म्हणजे शेणघाण ठेवलं. लूथरने जर्मनमध्ये ‘ड्रेक’ लिहिलं. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘डंग’ आलं. पुढच्या इंग्रजी आवृत्त्यांत त्याचं ‘रबिश’, ‘गार्बेज’ झालं. आमच्या घरच्या मराठी बायबलात ‘केरकचरा’ आहे. भाषा बदलत गेली तसा पौल आंघोळ करून इस्त्रीचे कपडे घालत गेला.

इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने यावर शांतपणे लिहिलं. तो काही मोकळाढाकळा माणूस नव्हता. जेवायचं कसं, हसायचं किती, सगळ्याचे नियम त्याने घालून दिले होते. तरी त्याचं म्हणणं असं की शरीराच्या अवयवांत किंवा त्यांच्या नावांत लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज आहे ती त्यांच्या गैरवापरात.

खरी शिवी म्हणजे शपथ

मग पुढची हजार-बाराशे वर्षं चर्च बोलण्यावरून एवढं संतापत कशावर होतं? शपथेवर. डोंगरावरच्या प्रवचनात येशू शपथच वाहू नका म्हणतो. तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. देवाचं नाव उठसूट साक्षीला ओढणं, ही त्या काळची खरी घाणेरडी भाषा.

३८७ साली अंत्युखिया शहरात नव्या करावरून दंगल झाली आणि लोकांनी सम्राटाचे पुतळे पाडले. शिक्षेच्या भीतीने शहराची गाळण उडालेली असताना योहान क्रिसोस्टमने तिथे प्रवचनांची मालिकाच केली. शहर टांगणीला लागलंय आणि हा उपदेशक पुन्हा पुन्हा एकाच मुद्द्यावर येतो: शपथा खाणं सोडा. पहिल्या प्रवचनाच्या शेवटी तर तो सांगतो की चौकात कुणी देवाची निंदा करताना दिसला तर आधी त्याला दटावा आणि गरज पडली तर थोबाडीत मारा, तुमचा हात पवित्र होईल. बोलणं सुधारण्यासाठी हात उचलायचा, ही युक्ती आमच्या चर्चमागच्या पटांगणापेक्षा फार जुनी आहे.

मध्ययुगीन युरोपात हे टोकाला गेलं. लोक बोलता बोलता देवाच्या हाडांची, रक्ताची, जखमांची शपथ वाहायचे. धर्मोपदेशक सांगायचे की अशी प्रत्येक शपथ ख्रिस्ताचं शरीर पुन्हा फाडते. उलट, आज ज्या शब्दांवर माझ्या फिल्टरने सगळ्यात आधी फुल्या टाकल्या असत्या ते बिनघोर वावरत होते. तेराव्या शतकात लंडन आणि ऑक्सफर्डमध्ये वेश्यावस्तीच्या गल्लीच्या नावातच स्त्रीच्या गुप्तांगाचा शब्द होता, आणि तो कागदोपत्री लिहिला जायचा.

चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एक छोटा प्रसंग आहे. यात्रेकरूंचा यजमान देवाची शपथ घालून बोलतो, तेव्हा गावचा गरीब पाद्री त्याला टोकतो. त्यावर यजमान खवचटपणे म्हणतो की मला इथे लोलार्डचा वास येतोय. लोलार्ड म्हणजे विक्लिफचे अनुयायी, त्या काळचे पाखंडी. शपथ घेतली तर पाप, शपथेला हरकत घेतली तर पाखंडी! तोंड सांभाळावं तरी कसं?

मग माणसांनी पळवाट काढली. ‘देवाच्या जखमा’ या इंग्रजी शब्दांचं आखडून ‘झाउंड्स’ झालं. मूळ शपथ आत, वर बुरखा. १६०६मध्ये इंग्लंडने नाटकात देवाचं नाव थट्टेने किंवा निंदेने घेण्यावर दहा पौंडांचा दंड लावला. ‘ऑथेल्लो’ १६२२मध्ये सुटं छापलं गेलं तेव्हा त्यात ‘झाउंड्स’ होतं. १६२३च्या संग्रहात ते गाळलेलं दिसतं. बुरख्याआडचा चेहराही तोवर ओळखू यायला लागला होता.

आता ‘च्यायला’कडे बघा. आईवरून सुरू होणारं वाक्य अर्ध्यात तोडून, चेपून, गुळगुळीत करून आपण ते घरात चालण्याजोगं केलंय. ‘आयला’ त्याहून गुळगुळीत. बहुतेकांना मूळ आठवतही नाही. आमच्या ज्येष्ठांना ते आठवलं, एवढंच. आणि ज्या ‘आईशप्पथ’वर त्यांनी मान वर करून पाहिलंही नसतं, ते डोंगरावरच्या प्रवचनाच्या हिशेबाने जास्त गंभीर आहे!

संत आणि सुधारक

सोळाव्या शतकात ख्रिस्ती जगाचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी एकमेकांवर अक्षरशः शेण फेकलं. लूथरने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीविरुद्ध गलिच्छ भाषेत लिहिलं. राजाच्या बाजूने १५२३मध्ये टोपणनावाने उत्तर दिलं ते थॉमस मोरने. ते इतक्या घाणीने भरलेलं आहे की लॅटिनमध्ये विष्ठेसाठी किती शब्द आहेत हे त्यातून शिकता यावं. याच मोरला १९३५मध्ये कॅथलिक चर्चने संत म्हणून घोषित केलं. लूथरनेही हात आखडता घेतला नाही. १५४५च्या त्याच्या पोपविरोधी पुस्तिकेच्या जोडीला क्रानाखच्या कार्यशाळेतून चित्रं निघाली. त्यातल्या एकात शेतकरी पोपकडे पार्श्वभाग करून वारा सोडताहेत.

हे वाचताना मी मोठ्याने हसलो. मनात आलं, त्या पोराला हेच पाठवावं: बघ, एवढे मोठे लोक, आणि तू एका ‘च्यायला’साठी माफी मागितलीस.

मग १५४३ची लूथरची यहुद्यांविरुद्धची पुस्तिका वाचली आणि हसू गेलं. त्याची नेहमीची शेणामुताची भाषा तिथेही आहे. पण माझा फिल्टर लावून ते सगळे शब्द काढून टाका. खाली काय उरतं? त्यांची सभास्थानं जाळा. घरं पाडा. धर्मग्रंथ हिसकावून घ्या. रब्बींना शिकवू देऊ नका. राज्यकर्त्यांना मुद्देसूद दिलेला सल्ला, ज्यात फुली मारावी असा एकही शब्द नाही. चारशे वर्षांनी, १९४६मध्ये, न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी प्रचारक युलियस श्ट्राइखरने बचावात याच पुस्तिकेचा दाखला दिला आणि म्हटलं की आज लूथरही आरोपीच्या पिंजऱ्यात असता. १९९४मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लूथरन चर्चने लूथरची ही वचनं जाहीरपणे नाकारली. त्यांनी नाकारलं ते शेण नव्हतं, तो सल्ला होता.

स्वच्छ तोंड

नंतरच्या शतकांत यादी पुन्हा पालटली. देवाच्या शपथांचा धाक ओसरला आणि शरीराचे शब्द अब्रह्मण्यम झाले. शब्दकोशकार नोआ वेब्स्टरने १८३३मध्ये बायबलचीच साफसफाई केली. मूळ हिब्रूत पुरुषांसाठी ‘भिंतीवर मुतणारे’ असा रांगडा वाक्प्रचार आहे आणि १६११च्या भाषांतरात तो शब्दशः होता. वेब्स्टरने तो काढला. दुर्गंधीसाठीचा साधा शब्दही त्याला खपला नाही. अमेरिकन मिशनने मुंबईत मराठी नवा करार छापला तो १८२६मध्ये, म्हणजे याच काळात. आमच्या घरांत देवाच्या शब्दाबरोबर त्या पिढीचा साबणही आला असावा, असं मला आता वाटतं.

मला त्या साबणाची चेष्टा करायची नाही. ज्यांना गावात शिवीशिवाय हाक मारली जात नव्हती, अशा कितीतरी घरांतली माणसं ख्रिस्ती झाली. आपल्या पोरांच्या तोंडी शिवी नको, हा त्यांचा हट्ट म्हणजे आम्हीही माणसं आहोत हे सांगायची रीत होती. पटांगणावर खेळ थांबवणाऱ्या ज्येष्ठांच्या आवाजात तेही असेल.

फिल्टरचं म्हणाल तर यादीने काम भागत नाही हे आमच्या धंद्यात जुनंच आहे. १९९६मध्ये एओएलच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नाही, कारण गावाच्या नावात ओळीने चार नको ती अक्षरं येतात. निष्पाप गाव अडकतं आणि सभ्य भाषेतलं विष आरामात निघून जातं.

हे मला ठाऊक होतं. तरी एक गोष्ट कळायला वेळ लागला. त्याच प्रोजेक्टवर एक ज्युनिअर होता, कॉलेजातून नुकताच आलेला. त्याच्या कोडवर मी रिव्ह्यू लिहिला होता: हे लिहिण्याआधी विचार करण्याची पद्धत तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत का? अहो-जाहो करून, पूर्णविराम देऊन. सगळ्या टीमला दिसेल असा. त्यानंतर तो मीटिंगमध्ये प्रश्न विचारेनासा झाला. काही महिन्यांनी दुसऱ्या टीममध्ये गेला. मी कधी चारचौघांत शिवी दिलेली नाही, याचा मला तेव्हाही अभिमान होता.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू ज्या शब्दावरून कडक इशारा देतो तो ‘राका’ आहे. अरामी भाषेतला, अर्थ साधारण ‘रिकाम्या डोक्याचा’. माझ्या दोनशे ओळींत तो कधीच आला नसता. पण माझी ती कॉमेंट म्हणजे दुसरं काय होतं? राकाच, फक्त लांबवून लिहिलेला. (तोच येशू पुढे परूश्यांना मूर्ख म्हणतो आणि सापाची पिल्लंही म्हणतो. पण ते वरच्या गादीवर बसलेल्यांना. मी खालच्याला म्हणालो होतो.)

त्या ज्युनिअरला मी उशिरा मेसेज केला. चूक झाली, सगळ्यांसमोर तसं लिहायला नको होतं. त्याने अंगठा पाठवला. पुढे त्यावर आमचं बोलणं झालं नाही.

मागच्या नाताळात गावी गेलो तेव्हा तो क्रिकेटवाला पोरगा भेटला. आता बारावीला आहे. म्हणाला, “दादा, ती यादी मिळाली का?”

“नाही,” मी म्हणालो. “तिथे शब्दांची यादीच नाही. बोलल्यावर समोरच्याचं काय होतं, तेवढंच विचारलंय.”

तो जरा थांबला. “मग त्या दिवशी मला सगळ्यांपुढे उभं केलं, ते?”

यावेळी मी हसलो नाही. तोवर चर्चची घंटा झाली, आणि आम्ही दोघे आत गेलो.