हापशाच्या साखळीची गोष्ट

कळमनुरी, सेनगाव, औंढा हा सगळा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा मुलूख. इथलं भूजल वाळूतल्यासारखं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. ते खडकाच्या भेगांत आणि झिजून पोकळ झालेल्या थरांत साठतं. जुन्या काळी विहीर खणायची म्हणजे पहार आणि सुरुंगानं खडक फोडायचा. एवढं करून भेग लागली नाही, तर सगळी मेहनत वाया. त्यामुळे पाणी लागेल तिथंच सगळं गाव जायचं. कुठं आडातून पोहऱ्यानं पाणी शेंदायचं, कुठं बारवेच्या पायऱ्या उतरून घागर बुडवायची.

या पायऱ्यांनीच नारूला वाट करून दिली. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला, की त्याच्या पायातली कृमी हजारो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचे बारीक जलचर त्या अळ्या गिळतात आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर पोटात जातात. साधारण वर्षभरानं नवी कृमी कातडी फोडून बाहेर येते. यावर औषध नाही. मात्र पाण्याचा आणि पायाचा संबंध तोडला, की हे चक्र थांबतं. महाराष्ट्र हेही नारूग्रस्त राज्यांपैकी एक होतं.

हा संबंध तोडण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे बंद कूपनलिका. साठच्या दशकात दाबलेल्या हवेवर चालणारी, खडकावर ठोके देत खाली जाणारी यंत्रं आली आणि कठीण बेसाल्टातही एकदोन दिवसांत भोक पडू लागलं. १९७२च्या दुष्काळानंतर या कामाला आणखी वेग आला. (हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी.) आता पाण्याचा प्रश्न सुटला, असंच कुणालाही वाटलं असतं.

प्रत्यक्षात सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली, तेव्हा सुमारे ७५ टक्के हातपंप बंद आढळले. बोअरमध्ये पाणी होतं, पण ते वर येत नव्हतं. असं का झालं?

हे पंप बिडाचे होते आणि त्यांचा नमुना युरोप-अमेरिकेतल्या घरगुती पंपाचा होता. एका कुटुंबानं दिवसातून काही वेळा वापरावा, एवढीच त्यांची ताकद. इथं मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग लागायची. त्यातून आणखी एक अडचण होती. दांड्याचं टोक कंसात फिरतं, पण बोअरमधल्या सळईला सरळ वर-खाली जायचं असतं. हा मेळ घालण्यासाठी दोनतीन सांधे ठेवलेले असत. सळई बाजूला ओढली जायची, सांधे झिजायचे आणि शेवटी काहीतरी मोडायचं.

याचं उत्तर मराठवाड्यात आणि शेजारी सापडलं. जालन्यातल्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनच्या कार्यशाळेत आणि नंतर सोलापुरात पोलादी पंप तयार झाले. त्यांत दांड्याला एकच सांधा, बॉल बेअरिंगवर फिरणारा. दांड्याच्या टोकाला वर्तुळाच्या पावभागासारखा तुकडा आणि त्यावरून लोंबणारी साखळी. दांडा कसाही फिरला, तरी साखळी त्या वर्तुळाला स्पर्शरेषेसारखी, म्हणजे सरळ खालीच लोंबते. सळईवर बाजूचा ताण येत नाही. भूमितीच्या तासाला फळ्यावर काढतो तीच स्पर्शरेषा!

साखळीनं ओढता येतं, ढकलता येत नाही. मग दट्ट्या खाली कसा जातो? सळयांच्या वजनानं. म्हणून हा पंप खोल बोअरवर उत्तम चालतो, उथळ ठिकाणी सळया हलक्या पडतात. शिवाय दट्ट्या खाली पाण्यातच असल्यामुळे हवेच्या दाबाची सुमारे १० मीटरची मर्यादा त्याला आड येत नाही.

सोलापूरच्या नमुन्यावर युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी 'इंडिया मार्क-२' घडवला. कोईमतूर भागात त्याच्या चाचण्या झाल्या. १९७९ साली त्याचं भारतीय मानक प्रसिद्ध झालं. त्यामुळे कुठल्याही कारखान्याचा सुटा भाग कुठल्याही पंपाला बसू लागला. पुढे हा पंप आफ्रिकेतही गेला. युगांडात तो 'यू-२' या नावानं प्रमाण ठरला.

तिथल्या खेड्यांनी आणि आपल्या खेड्यांनीही त्याचा एक दोष दाखवून दिला. दट्ट्याचं वॉशर बदलायचं, तर सगळे जड पाइप वर काढावे लागत. त्यासाठी गाडी आणि मिस्त्री तालुक्याहून येईपर्यंत बाया पुन्हा उघड्या पाण्यावर. म्हणून 'मार्क-३' आणि आफ्रिकेसाठी घडवलेला 'आफ्रिदेव' यांत पाइप न काढता दट्ट्या वर ओढता येईल अशी सोय केली गेली. दुरुस्ती गावाच्या हातात यावी, हा त्यामागचा विचार.

भारतात नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. या यशात आरोग्य कार्यकर्ते, पाणी गाळायची फडकी, बुजवलेल्या पायऱ्या यांच्याबरोबर त्या साखळीचाही वाटा आहे.

आज अनेक गावांत नळ आले आहेत. तरी वीज गेली की पावलं हापशाकडे वळतात. तेव्हा मुलांना घेऊन गावातले हापसे तपासा. बराच वेळ बंद असलेल्या हापशाला पाणी यायला किती वेळा दांडा मारावा लागतो? जास्त लागत असतील, तर खालची झडप गळत असण्याची शक्यता आहे. ओटा फुटलाय का? सांडपाणी तिथंच मुरत असेल, तर बंद बोअरचं पाणीही बिघडू शकतं. आणि शेवटचा प्रश्न ग्रामपंचायतीला विचारायचा : साखळीला ग्रीस शेवटचं कधी लावलं, आणि कुणी?