लॅटिन उपासनागान आणि हस्तलिखितांचे प्रामाण्य : सोलेम मठाच्या कार्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
रोमन कॅथलिक उपासनाविधीतील लॅटिन गान ‘ग्रेगोरियन गान’ या नावाने ओळखले जाते. पोप पहिले ग्रेगरी (कारकीर्द इ. स. ५९०-६०४) हे त्याचे कर्ते, अशी श्रद्धा शतकानुशतके रूढ होती. तथापि, त्यांच्या काळातील एकही स्वरलेखन उपलब्ध नाही. स्वरचिन्हांकित हस्तलिखिते नवव्या शतकापासून आढळतात. रोमची परंपरा आणि फ्रँक राज्यातील गायनपद्धती यांच्या संयोगातून हे गान घडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मग त्याचे शुद्ध रूप कोणत्या आधारे ठरवायचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मुद्रित परंपरा :
रोम येथे १६१४-१५ मध्ये छापलेल्या ‘मेडिचियन’ आवृत्तीत लॅटिन शब्दोच्चाराच्या तत्कालीन कल्पनांनुसार दीर्घ स्वरावली तोडण्यात आल्या. एकोणिसाव्या शतकात हीच आवृत्ती रेगेन्सबुर्ग येथील पुस्टेट या प्रकाशनसंस्थेने पुन्हा छापली व तिला रोमकडून तीस वर्षांचा विशेषाधिकार मिळाला. अशा रीतीने संपादित पाठ हाच परंपरेचा अधिकृत पाठ ठरला.

सोलेमचे कार्य :
फ्रान्समधील सोलेम येथे प्रॉस्पेर गेरांजे यांनी १८३३ मध्ये बेनेडिक्टाइन मठजीवनाचे पुनरुज्जीवन केले. तेथील संन्यासी जोझेफ पोतिए यांनी १८८० मध्ये या गानावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आंद्रे मोकरो यांनी १८८९ मध्ये हस्तलिखितांच्या छायाचित्रित प्रतिकृतींची ‘पालेओग्राफी म्युझिकाल’ ही मालिका सुरू केली. तीत एकाच गीताचे दोनशेहून अधिक हस्तलिखितांतील पाठ शेजारी शेजारी मांडण्यात आले. निरनिराळ्या देशांत व शतकांत लिहिलेल्या या पाठांत आढळणारे साम्य हाच प्रचलित मुद्रित पाठाविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावा ठरला. १९०१ मध्ये फ्रान्समधील संघटनाविषयक कायद्यामुळे या संन्याशांना इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. तेथेही हे कार्य चालू राहिले. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या आज्ञापत्राद्वारे ग्रेगोरियन गानाला धर्मसंगीताचा सर्वोच्च आदर्श मानले. पुढे १९०८ मध्ये व्हॅटिकनचे अधिकृत ‘ग्रादुआले रोमानुम’ प्रसिद्ध झाले. मात्र लयीच्या प्रश्नावर पोतिए व मोकरो यांच्यातच मतभेद राहिले. कारण प्राचीन चिन्हांवरून लयीचा निर्णय सर्वमान्य रीतीने करता येत नव्हता.

निष्कर्ष :
दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात या गानाला अग्रस्थान दिले, तसेच लोकभाषांच्या उपयोगासही वाव दिला. त्यानंतर बहुसंख्य चर्चमध्ये लॅटिन गान मागे पडले. म्हणजे ज्या शतकात शुद्ध पाठ सिद्ध झाला, त्याच शतकात त्याचे नित्य गायन ओसरले. पुराव्याच्या बळावर पाठ सिद्ध करता येतो. परंतु त्याला जिवंत ठेवणारा समूह निर्माण करता येत नाही. मौखिक परंपरांच्या संपादनाचे कार्य करणाऱ्या अभ्यासकांनी ही मर्यादा ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.